काळजी खातं

ऑफिसात आल्यावर मॅडम आधी आपल्या जागेवर जायच्या नाहीत. लिफ्टमधून उतरल्या की उजवीकडे वळून फायर एक्झिटचा दरवाजा ढकलून बघायच्या. तो उघडला की मग डावीकडे, आमच्या बाजूला. एकदा त्या दरवाज्यापुढे कोणीतरी जुने प्रिंटर रचून ठेवलेले. मॅडम पर्स खांद्याला तशीच अडकवून तिथे उभ्या राहिल्या आणि हाउसकीपिंगच्या माणसाने शेवटचा प्रिंटर उचलेपर्यंत हलल्या नाहीत. आत मीटिंगसाठी आम्ही सगळे ताटकळलेलो, आणि मीटिंग त्यांनीच बोलावलेली.

आमचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. पूर्वी तिथे नट-बोल्टचा कारखाना होता, आता काचेची इमारत आहे. काम रेटिंगचं. कंपन्या कर्ज काढतात, रोखे विकतात. ते फेडायची त्यांची ताकद किती आहे ते तपासायचं आणि दोन-तीन अक्षरांत सांगायचं. ती अक्षरं बघून बँका व्याज ठरवतात आणि लोकांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कुठे ठेवायचे तेही ठरतं. मॅडम तिथे खूप वर्षं होत्या. पन्नाशी उलटलेली, उंच, सुती साडी, चष्म्याला दोरी. त्यांच्या टेबलाला ऑफिसात सगळे ‘काळजी खातं’ म्हणायचे. त्यांनाही ते माहीत होतं. नवीन माणूस आला की त्या स्वतःच सांगायच्या, "बाकीच्या खात्यांतून फाइल फिरून आली की माझ्याकडे पाठव. हे काळजी खातं."

राहायला त्या डोंबिवली पूर्वेला. सकाळी घरातून निघायच्या, आणि ठाण्याला पोचल्या की घरी फोन. त्यांचे मिस्टर बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. फोनवर प्रश्न एकच, गॅसचा नॉब बंद आहे ना. मिस्टर पेपर वाचता वाचता म्हणायचे, बंद आहे. ते खुर्चीतून उठलेच नाहीत हे मॅडमना आवाजावरून कळायचं. मग त्यांनी युक्ती काढली. निघताना सिलिंडरच्या डोक्यावर रोज काहीतरी वेगळं ठेवून यायच्या. फोनवर विचारायच्या, "आज काय ठेवलंय?" मिस्टरांना उठून बघावंच लागायचं. आम्हाला इकडची बाजू तेवढी ऐकू यायची. "लिंबू. बरोबर. आणि नॉब? हं. ठेवते."

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. ताळेबंदावर चार-पाच प्रश्न विचारून झाले. मग त्यांनी कागद बाजूला सारले आणि विचारलं, "घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतोस का?"

मी म्हटलं, "नाही."

"एकदाही नाही?"

"आई बघते, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण आठवडाभरात कल्याणच्या घरी पत्र आलं. पुढे कधीतरी मी विचारलं, मलाच का घेतलंत. म्हणाल्या, "मला सगळ्याचीच भीती वाटते. त्यातली कंपनीची किती आणि माझी किती, ते मला कळत नाही. शेजारी असा माणूस हवा होता ज्याला कशाचंच काही वाटत नाही. तुला वाटलं, तर ते खरं असणार."

हे मी चेष्टेवारी नेलं. मॅडम कधी चेष्टा करत नाहीत हे तोवर लक्षात आलं नव्हतं.

कंपन्यांचे लोक आकडे दाखवायला यायचे. सगळं झालं, लॅपटॉप मिटले, चहा आला, की मॅडम हळूच विचारायच्या, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" बहुतेक जण ठरलेलं उत्तर द्यायचे. स्पर्धा, सरकारी नियम, डॉलर. एक जण मात्र बेसावध होता. तो कप खाली ठेवत म्हणाला, "माझ्या भावाची." आणि मग स्वतःच दचकला. मॅडमनी त्या दिवशी बाकी कशावर फारसं लिहिलं नाही, पण भागीदारीच्या कागदांची चौकशी सुरू केली. पुढे त्या भावांचं खरंच फाटलं.

असं दरवेळी झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण मॅडम चुकायच्याही. मी लागण्याआधी त्यांनी भिवंडीच्या एका गोदाम कंपनीचं रेटिंग एक पायरी खाली आणलेलं. गोदामं रिकामी पडतील असं त्यांना वाटत होतं. झालं उलटंच, गोदामं भरली, नवीन बांधली, तीही भरली. एक दिवस त्या कंपनीचा मालक स्वतः मिठाईचा पुडा घेऊन आला, मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुमच्या काळजीचं व्याज आम्ही भरतोय, मॅडम. तोंड गोड करा." आणि गेला. पुडा न उघडता टेबलावर राहिला. मुंग्या लागल्या तेव्हा कोणीतरी तो उचलला. तेव्हापासून रेटिंग ठरवणाऱ्या कमिटीत मॅडम काही बोलायला लागल्या की एक-दोघं खाली बघून हसायचे, असं मला जुन्या लोकांनी सांगितलेलं.

मग ती पाइपलाइनची कंपनी आली.

ही कंपनी गॅस काढत नव्हती आणि घरोघरी विकतही नव्हती. मधलं काम करायची. समुद्राच्या बाजूने आलेला गॅस मोठ्या पाइपातून आतल्या कारखान्यांपर्यंत, वीजकेंद्रापर्यंत न्यायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं. त्यांचे वित्तप्रमुख आमच्याकडे आलेले. गोरे, नीटनेटके, मृदू बोलणारे. म्हणाले, "आम्ही नुसता रस्ता आहोत, मॅडम. गाडी कोणाची, माल कोणाचा, भाव काय, आम्हाला देणंघेणं नाही. आम्ही टोल घेतो."

आकडे खरंच देखणे होते. व्याज भरून भरपूर उरत होतं. गिऱ्हाइकं मोठी, पैसे वेळेवर. करार ‘घ्या किंवा भरा’ पद्धतीचे, म्हणजे गॅस नेला नाही तरी भाडं चुकत नाही. त्या जोरावर कंपनीने मोठं कर्ज काढून पाइपलाइन आणखी पुढे नेलेली. मी दोन दिवसांत टिपण तयार केलं आणि शेवटी लिहिलं, रेटिंग आहे तेच राहावं.

मॅडमनी टिपण वाचलं आणि पेन्सिलीने तीनच ठिकाणी खुणा केल्या. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? ते वीजकेंद्र, जवळजवळ निम्मं भाडं त्याचंच. त्याचा करार कधी संपतो? अजून दोनेक वर्षांनी. आणि कर्ज कधी संपतं? त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

"करार पुढे वाढेल की, मॅडम," मी म्हटलं. "ते म्हणाले ना."

"ते म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "वीजकेंद्र काय म्हणालं?"

त्यांनी वित्तप्रमुखांना फोन लावला. त्या वीजकेंद्राकडे महिन्याला प्रत्यक्ष गॅस किती जातो?

"बिल पूर्ण क्षमतेचं जातं, मॅडम. एकदाही थकलेलं नाही."

"ते कळलं. गॅस किती जातो?"

"पाठवतो आकडे."

आकडे आले नाहीत. त्याऐवजी पुन्हा तेच सादरीकरण आलं, या वेळी रंगीत नकाशासह. मॅडमनी ते एकदा खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आपण जाऊन बघू या."

खडवलीच्या पुढे शेतांमध्ये कंपनीचं एक स्टेशन होतं. गॅसचा दाब वाढवायची यंत्रं तिथे होती आणि तिथूनच पाइपांना फाटे फुटायचे. हिवाळ्यातली सकाळ होती. कल्याणहून गाडीने निघालो तेव्हा मला मनातून मजाच वाटत होती. घरातल्या एका सिलिंडरसाठी रोज फोन करणारी बाई आता गॅसच्या एवढ्या मोठ्या पाइपांमध्ये शिरणार. गेटवर मोबाइल जमा करायला सांगितले. मॅडमच्या पर्समधलं बाकीचंही काढावं लागलं. टॉर्च निघाला, शिट्टी निघाली, नायलॉनची दोरी, जास्तीचा चष्मा, मीठ-साखरेच्या पुड्या, मेणबत्ती आणि काडेपेटी. काडेपेटी बघून वॉचमन गंभीर झाला. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. नीट ठेवा."

आत शिरल्यावर मी त्यांच्याकडे बघत होतो. हेल्मेट घालून त्या आरामात चालत होत्या, देवळाच्या आवारात चालावं तशा. यंत्रांचा आवाज पायांतून वर येत होता. माझंच लक्ष लागत नव्हतं.

मी विचारलं, "मॅडम, इथे भीती नाही वाटत?"

"इथे कशाला? इथे काळजी करायला पगारी माणसं ठेवलीत. घरी मी एकटी आहे."

स्टेशनचा इंजिनिअर तरुण, अदबशीर होता. त्याने शेडखालचे पाइप दाखवले. हा कारखान्यांकडे जातो, हा वीजकेंद्राकडे. मॅडमनी विचारलं, हात लावला तर चालेल का. तो म्हणाला, बाहेरून लावा. त्यांनी पहिल्या पाइपवर तळवा ठेवला, थोडा वेळ थांबल्या. मग दुसऱ्यावर ठेवला. मग मला म्हणाल्या, "तू लाव."

पहिला पाइप कोमट होता आणि आतून थरथरत होता. दुसरा थंडगार. त्यावर हात ठेवून मी वाट बघत राहिलो, पण काही जाणवलं नाही.

"तिकडे सध्या मागणी कमी आहे," इंजिनिअर म्हणाला.

"सध्या म्हणजे कधीपासून?"

तो जरा घुटमळला. "मी आलो तेव्हापासून तरी असंच आहे, मॅडम."

"आणि तुम्ही येऊन किती झालं?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

मॅडमनी त्याचे आभार मानले, त्याच्या घरची चौकशी केली आणि गेटवरून काडेपेटी न विसरता परत घेतली.

परतताना टिटवाळा मागे पडला. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "माझी आई डोंबिवलीला डबे द्यायची. तुला सांगितलंय कधी?"

नव्हतं सांगितलं.

"बाबांची कंपनी बंद पडली तेव्हापासून. एक गृहस्थ होते, मोठ्या हुद्द्यावरचे. स्वतःचा आणि हाताखालच्या तिघांचा डबा लावलेला. हळूहळू डबे भरलेलेच परत यायला लागले. त्यांची फिरतीची नोकरी होती. पण पैसे मात्र पहिल्या तारखेला, पूर्ण चौघांचे. आई खूश. स्वयंपाक वाचतो आणि पैसे येतात, यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं? त्या भरवशावर तिने हप्त्यावर फ्रिज घेतला. मी तिला म्हणायचे, आई, जो माणूस न जेवता पैसे भरतो, तो किती दिवस भरेल? ती म्हणायची, तुला मेलीला सगळ्यात वाईटच दिसतं."

"मग?"

"त्यांची बदली झाली. सांगायलासुद्धा आले नाहीत, निरोप पाठवला."

"फ्रिज परत द्यावा लागला?"

"नाही. फ्रिज राहिला. त्याचे हप्ते भरताना माझी कॉलेजची फी राहिली. एक वर्ष घरी बसले मी." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणून मला कळत नाही. मी आज पाइपला हात लावला की त्या डब्याला."

पुढच्या आठवड्यात वित्तप्रमुख पुन्हा आले, या वेळी सादरीकरण न आणता. त्यांनी थंड पाइपची गोष्ट नाकारली नाही. म्हणाले, "केंद्र सध्या बंदच आहे, मान्य. गॅस महाग झालाय, त्यांची वीज कोणी घेत नाही. पण भाव उतरला की ते सुरू होणार. करार वाढवायचं तोंडी झालंय आमचं." मग खुर्ची जरा पुढे ओढून अगदी कळकळीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही काळजी लिहिलीत की बँका काळजी करणार. व्याज वाढवणार, पुढचं कर्ज अडवणार. मग आम्ही खरंच अडचणीत येऊ. आज आम्ही अडचणीत नाही. तुमच्या एका ओळीने येऊ. स्टेशनवरची ती पोरं तुम्ही बघून आलात ना?"

मॅडमनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणाल्या, "मी विचार करते."

ते गेल्यावर आम्ही खाली टपरीवर चहाला गेलो. दुपारची वेळ, समोरच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा आवाज. मॅडमनी चहा हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"तो माणूस खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं तर लोकांच्या नोकऱ्या जाऊ शकतात. नाही लिहिलं आणि कंपनी बुडाली, तर कुणाकुणाच्या म्हातारपणीचे पैसे जातील. आणि हे सगळं मी ठरवायचं, माझ्यासारखीने. मागे गोदामवाल्यांना मी उगाच खाली आणलं. तेव्हाही मला अशीच खात्री होती, पोटात गोळा आला होता. पोटात गोळा तर मला कुकरची शिट्टी झाली नाही तरी येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला खरं सांग. माझं सोड. तुला काय वाटतं?"

मी सांगायचं टाळत होतो ते सांगितलं. "मॅडम, खडवलीहून आल्यापासून मला झोप नाही लागत."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे कशी? लागतच नाही, की लागते आणि मोडते?"

"लागते. मग मोडते. मग त्या पाइपवर हात असल्यासारखं वाटतं."

"किती वेळ जागा असतोस? छातीत धडधडतं का?"

"थोडं."

"अरे वा," मॅडम म्हणाल्या, आणि निवलेला चहा एका दमात प्यायल्या.

कमिटी बसली. आमचे अध्यक्ष वयस्कर, सौम्य माणूस. मॅडमनी सगळं मांडलं. कर्ज लांबचं आणि करार जवळचा, निम्मं उत्पन्न अशा गिऱ्हाइकाकडून जे दोन वर्षं काहीच नेत नाही, आणि नवीन पाइपलाइन ज्या कारखान्यांसाठी टाकली ते अजून उभेच राहिलेले नाहीत. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तुम्हाला गोदामवाल्यांबद्दलही असंच वाटलेलं, मॅडम."

खोलीत कोणी हसलं नाही, पण मॅडमचा कान लाल झालेला मला दिसला.

"तेव्हा मी चुकले," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी गोदाम बघायला गेले नव्हते. या वेळी जाऊन आलेय."

"पाइपला हात लावून रेटिंग द्यायचं का आपण?" एक सभासद म्हणाला.

"माझ्या हाताचं नका धरू. याच्या हाताचं धरा. याला कशाचंच काही वाटत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी कमिटीत याआधी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, टिपण मीच लिहिलेलं, रेटिंग राहू दे म्हणून. ते मी मागे घेतो. पाइप थंड होता. मलाही भीती वाटतेय."

रेटिंग एक पायरी खाली आलं. सोबत एक ओळ, पुढेही उतरू शकतं अशी.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बँकांनी व्याज वाढवलं. वित्तप्रमुखांचा एकदा फोन आला. रागावले नाहीत, फक्त वाढलेल्या व्याजाचा आकडा सांगितला आणि ठेवला. कंपनीने भरती थांबवल्याचं कळलं. मॅडमचं वजन उतरलं. रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. "आपण चुकलो असू तर?" मी काहीतरी समजूत घालायचो. मग त्या म्हणायच्या, "आणि बरोबर असू तर?" घरी आई विचारायची, कोणाचा रे फोन, मॅडम आजारी आहेत का. हल्ली मीही घरातून निघताना कुलूप ओढून बघायला लागलेलो. आईने ते पाहिलं.

मग एक दिवस बातमी आली. वीजकेंद्राने कळवलं, करार वाढवणार नाही.

मी जवळजवळ पळतच मॅडमच्या टेबलाशी गेलो. वाटलेलं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा काढला आणि दोरीला लटकत सोडला. तेवढ्यात अध्यक्ष आपल्या केबिनमधून उठून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचंच बरोबर होतं." मॅडमनी पाणी मागितलं. जेवणाच्या सुट्टीत त्या घरी गेल्या, आणि आठवडाभर आल्याच नाहीत.

शनिवारी मी डोंबिवलीला गेलो. दार मिस्टरांनी उघडलं. हातात पोळीभाजी केंद्राची पिशवी, नुकतेच खालून आलेले दिसत होते.

"बरं झालं आलास," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात चूल बंद आहे. सिलिंडर काढून गॅलरीत ठेवायला लावला तिने. चहासुद्धा खालून आणतो."

मॅडम आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या. केस विंचरलेले नव्हते. मला बघून कसंनुसं हसल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही बरोबर ठरलात. मग हे काय?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "अरे, मी आयुष्यभर स्वतःला एकच सांगत आले. तुला जे वाटतं, तसं काही होत नसतं. सकाळी दाराबाहेर पाय टाकते तो एवढ्यावर. गॅस फुटणार वाटतं, फुटत नाही. ह्यांना काही होणार वाटतं, होत नाही. मनाला म्हणते, बघ, तू खोटं बोलतेस. आता एवढी मोठी गोष्ट, आणि मनाचंच खरं निघालं. आता त्याला गप्प कसं करू? बाकीचं सगळंही खरं असेल तर?"

असं काही मला सुचलंच नव्हतं. बरोबर ठरणं कोणाला असं बाधू शकतं, हे मी तोवर बघितलेलं नव्हतं.

मिस्टर दारात उभे होते. पिशवी तशीच हातात. ते म्हणाले, "गोदामवाल्यांच्या बाबतीत तू चुकली होतीस ना गं?"

मॅडमनी वर पाहिलं. "हो."

"थोडीशी?"

"नाही. साफ."

"आणि मी गेल्या वर्षी पोट दुखतं म्हणालो, तेव्हा काय म्हणाली होतीस? माझा भाऊ अमेरिकेहून बोलावून घेतला होतास."

"गॅसेस निघाले," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. मग आलंच. मग त्या तशाच रडायला लागल्या, आणि मिस्टर पिशवी टीपॉयवर ठेवून त्यांच्याशेजारी बसले. मी बाहेर येऊन भाजी डब्यात काढली.

पुढच्या आठवड्यात मिस्टरच त्यांना ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी मॅडमनी वेळेआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या, तरी अध्यक्षांनी केलाच. त्यांनी पाइपलाइनचा विषय काढला तेव्हा मॅडम उठून सगळ्यांना वडे वाटायला लागल्या.

कंपनी बुडाली नाही. व्याज वाढलं तेव्हाच मालकांना घाम फुटलेला. त्यांनी स्वतःचे पैसे आत टाकले आणि बँकांशी बोलणी आधीच सुरू केली. त्यामुळे वीजकेंद्राची नोटीस आली तेव्हा हातात वेळ होता. कर्जाची मुदत वाढली. काही लोक गेले. खडवलीचा तो इंजिनिअर राहिला. हळूहळू कल्याण-भिवंडीकडचे छोटे कारखाने जोडले गेले, घरगुती गॅसवाले आले. आमच्या इशाऱ्याने कंपनी वाचली की आमच्यामुळेच एवढी खोलात गेली, यावर ऑफिसात अजून वाद होतो. मी त्यात पडत नाही.

परवा ठाण्यात तलावपाळीला मॅडम भेटल्या. थोड्या भरलेल्या दिसल्या, चष्म्याची दोरी गेलेली. म्हणाल्या, झोप लागते आता, सकाळी मिस्टरांना मला हलवून उठवावं लागतं. कठड्याला टेकून आम्ही शेंगदाणे खाल्ले. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती पाइपलाइन काय म्हणते?"

मी सांगितलं की गेल्या महिन्यात तिचं रेटिंग पुन्हा एक पायरी वर गेलं.

"सही कोणाची?"

"माझी, मॅडम."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, विचारणार नाहीत. मग विचारलंच. "खात्री आहे तुला?"

"नाही, मॅडम. सगळं बघितलं, जाऊन आलो. तरी खात्री नाही. पण केली सही."

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "आहे म्हणाला असतास, तर मला आज गोळी घेऊनही झोप लागली नसती."

शेंगदाण्याचा कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि स्टेशनच्या रिक्षाला हात केला.